प्रदर्शन दिल्लीत, किल्ला औशात

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात एक प्रदर्शन भरलं होतं. नाव होतं 'आफ्रिकन्स इन इंडिया'. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात शोम्बर्ग सेंटर नावाची संस्था आहे, तिथल्या पब्लिक लायब्ररीचाच एक भाग. सिल्व्हियान दियुफ आणि केनेथ रॉबिन्स या दोघांनी तिथं २०१३ साली हे प्रदर्शन उभं केलं आणि मग ते आपल्याकडे आलं. आमच्या ह्यांचं दिल्लीत काम होतं, म्हणून मीही गेले होते. मुलगी दोन वर्षांची, कडेवर. काचेच्या पेट्या, मूर्ती, नाणी असलं काही नव्हतं. जुन्या चित्रांच्या आणि फोटोंच्या मोठमोठ्या प्रती आणि त्याखाली मजकूर. अहमदाबादची सिदी सय्यदची जाळी, विजापूरचा इखलासखान, जंजिऱ्याचे आणि गुजरातेतल्या सचिनचे नवाब, आणि अर्थातच मलिक अंबर.

मलिक अंबरच्या चित्रासमोर मी जरा जास्त वेळ उभी राहिले. शेजारी एक बाई होत्या, दिल्लीच्याच. त्यांनी विचारलं, तुम्ही यांच्यापैकी आहात का? म्हणजे शिद्दी. मी म्हटलं, नाही, मी नांदेडची, दिली लातूरला, पण आमच्याकडचे किल्ले यांच्या हातात होते. औसा, उदगीर, कंधार. त्यांनी औसा हे नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि हसून पुढं गेल्या. त्यांचा दोष नाही. औशातल्या माणसालाही हे सांगावं लागतं.

आता अशा प्रदर्शनांची एक रीत असते. सोबत कार्यक्रम असतात. उद्घाटनाचं भाषण, एखादी फिल्म, मुलांसाठी चित्रकला, तज्ज्ञाचं व्याख्यान, आणि आफ्रिका म्हटलं की संध्याकाळी नाच. शिद्द्यांचं धमाल, ज्याला ते गोमा म्हणतात, ते ठेवलं की पब्लिक खूश. तोंडानं आग काढतात, नारळ वर उडवून डोक्यावर फोडतात. मला त्या नाचाबद्दल तक्रार नाही, तो सुंदरच असतो. पण गुजरातेत रतनपूरच्या डोंगरावर बाबा गोर यांची दर्गाह आहे, तिथं तो नाच म्हणजे हाजिरी असते, इबादतीच्या जवळची गोष्ट. स्टेजवर आणला की त्याची सर्कस होते. आणि बघणाऱ्याच्या डोक्यात एवढंच राहतं की आफ्रिकेचे लोक आपल्याकडे आले आणि नाचले.

बाबा गोर यांच्याबद्दल खरं सांगण्यासारखं वेगळंच आहे. ते हबशी आणि धंद्यानं अकीकाचे व्यापारी, असं त्यांचे मुरीद मानतात. रतनपूरच्या खाणींतला अकीक खंबायतला जायचा, तिथं त्याचे मणी व्हायचे आणि ते जहाजांतून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरायचे. आजही तिकडच्या उत्खननांत असे मणी निघतात. माझ्या दादांच्या बोटात अकीकाची अंगठी होती, पिवळट तांबडी. मरेपर्यंत काढली नाही. नमाजच्या आधी वजू करताना ती फिरवायचे. धमालच्या जागी कुणी नुसती तशी एक अंगठी आणि आफ्रिकेतून निघालेला एक मणी शेजारी शेजारी ठेवला तर मला तो कार्यक्रम जास्त आवडेल.

नांदेडला आमच्या माहेरच्या गल्लीत लग्नाची वरात निघाली की मरफा वाजायचा. चाऊस लोकांची घरं होती, हजरमौतहून निजामाच्या फौजेत आलेल्या अरबांची. मरफा त्यांच्यासोबत आला असं सगळे म्हणायचे. पण हैदराबादेत मरफा वाजवणाऱ्यांत शिद्दीही होते, आणि त्या ठेक्यात आफ्रिका किती आणि यमन किती हे कोण वेगळं काढणार? हैदराबादला मासाब टँकजवळ ए. सी. गार्ड्स नावाची वस्ती आहे. पोरं समजतात एसीचा काही संबंध असेल. ते आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स. निजामाचं हबशी घोडदळ तिथं राहायचं, त्यांची पोरंनातवंडं अजून राहतात.

हे सगळं आमच्या इतकं जवळ आहे. आणि तरी 'हबशी' हा शब्द आमच्या घरात कसा येतो ते सांगते.

मुस्लिम घरात हबशा हे नाव लहानपणीच कानावर पडतं. मक्केत नव्या मुसलमानांचा छळ सुरू झाला तेव्हा पहिली हिजरत मदिनेला नाही झाली, हबशाला झाली. इसवी सन ६१५ च्या आसपास. तिथल्या ख्रिस्ती राजानं, नजाशीनं, त्यांना आसरा दिला, परत मागायला आलेल्यांना रिकाम्या हातानं पाठवलं. आणि हजरत बिलाल. पहिली अजान देणारे, गुलामीतून सुटलेले, हबशी. त्यांचं नाव घेताना आमच्या अम्मीचे डोळे भरून येतात. मोहल्ल्यात निम्म्या घरांत एखादा बिलाल असतो.

आणि त्याच अम्मीच्या त्याच मोहल्ल्यात मुलगी पाहायला आलेल्या बाया उठताना म्हणतात, "लडकी अच्छी है, रंग जरा दबता है." उन्हात खेळून आलेल्या पोरीला आजी ओरडते, "क्या हबशन के जैसी हो गई!" लाडानंच ओरडते, मारायला नाही. माझ्या मुलीचा रंग माझ्यावर गेला आहे. सहावीत असताना एका लग्नात जवळच्या नात्यातल्या एका बाईंनी तिला सगळ्यांसमोर हबशन म्हटलं आणि सगळे हसले. ती हसली नाही. घरी आल्यावर तिनं विचारलं, "अम्मी, बिलाल पण हबशी होते ना? मग त्यांच्यावर कुणी हसत का नाही?"

याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. खरं तर त्या प्रश्नातूनच पुढची सगळी धावपळ झाली.

मी मराठी शिकवते. माझी एक मैत्रीण औशाला गणित शिकवते. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघींनी ठरवलं की दिल्ली-मुंबईचं प्रदर्शन आपल्याकडे यायची वाट पाहण्यात अर्थ नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ पासून बस गावोगाव फिरवायला सुरुवात केली आहे, बसमध्येच छोटं म्युझियम. चांगली कल्पना आहे. पण औशाला तर वस्तू आधीच आहेत. साडेतीनशे-चारशे वर्षांच्या, दगडाच्या, हलवता न येणाऱ्या. फक्त सोबतचा कार्यक्रम नाही. तेव्हा आपण फक्त तो करायचा.

एका वाचनालयाचा हॉल तीन दिवसांसाठी मिळाला. म्युझियमांच्या संकेतस्थळांवरून चित्रं उतरवली आणि लातूरला फ्लेक्सवाल्याकडे छापायला दिली. तो पोरगा वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे बॅनर छापून छापून तयार झालेला. मलिक अंबरचा चेहरा पाहून त्यानं विचारलं, "हे कोणत्या पक्षाचे, मॅडम?" मी म्हटलं, निजामशाहीचे. तो म्हणाला, "खाली शुभेच्छुक टाकायचे का?"

पहिल्या दिवशी मुलांना आम्ही जमिनीवर खडूनं नकाशा काढायला लावला. हॉलच्या एका टोकाला हरार, इथिओपियातलं. तिथं १५४८ च्या सुमारास एक मुलगा जन्मला, नाव चापू. तिथून लाल समुद्र ओलांडून यमनचं मोखा बंदर, तिथं विक्री. मग बगदाद. तिथल्या मालकानं त्याला शिकवलं आणि अंबर नाव दिलं. मग पुन्हा विक्री, या वेळी अहमदनगरला. घेणारा चंगेजखान, निजामशाहीचा पेशवा, आणि तोही मुळचा हबशी गुलाम. हॉल संपत आला आणि नगर अजून यायचं होतं, म्हणून पोरांनी नकाशा व्हरांड्यात नेला. परांडा पायरीवर आला. १६०० साली मोगलांनी नगरचा किल्ला घेतल्यावर अंबरनं निजामशाही घराण्यातल्या एका मुलाला याच परांड्यात गादीवर बसवलं आणि राज्य चालू ठेवलं. औसा अंगणात, नळाजवळ. मैत्रिणीनं अंतरं मोजायला लावली, गणिताची बाई ती. पण मुलांना अंतरापेक्षा दुसरंच लागलं. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, याला तीनदा विकलं?" मग गप्प बसला.

चित्रांमध्ये एक चित्र लावावं की नाही यावर आमची वादावादी झाली होती. बादशाह जहांगीरच्या अबुल हसन नावाच्या चित्रकारानं १६१६ च्या सुमारास काढलेलं चित्र, सध्या डब्लिनच्या चेस्टर बीटी लायब्ररीत आहे. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बाण मारतो आहे आणि समोर भाल्यावर मलिक अंबरचं कापलेलं काळं डोकं. मैत्रीण म्हणाली लहान मुलं आहेत, नको. माझ्या मुलीनं सांगितलं, लावा. लावलं. दुसऱ्याच मिनिटाला एका मुलीनं खालची तारीख वाचली आणि मग अंबरच्या मृत्यूची तारीख पाहिली. "पण हा तर १६२६ ला मेला. मग डोकं कुणाचं?"

कुणाचंच नाही. जहांगीरला ते डोकं कधी मिळालंच नाही. १६२४ ला भातवडीला अंबरनं मोगल आणि विजापूरची फौज एकत्र हरवली, त्यात शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले होते. दोन वर्षांनी तो म्हातारपणानं गेला, खुलदाबादला दफन झाला, आणि पुढच्याच वर्षी जहांगीरही गेला. बादशाहनं आपल्या आठवणींत त्याला रंगावरून काय काय शिव्या दिल्या आहेत. हातात आला नाही म्हणून रंगावर गेला आणि चित्रात मारून घेतला. मुलांना हे फारच आवडलं. आवडणारच, ज्याच्याशी जिंकता येत नाही त्याला नाव ठेवायचं हे शाळेत रोज चालतं.

अंबर कुणी संत नव्हता, हेही आम्ही सांगितलं. डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुक त्याला १६१७ मध्ये भेटला होता. त्यानं लिहून ठेवलेली हकिगत अशी, की अंबरची मुलगी निजामशाहला दिलेली होती, आणि सुलतानाच्या गोऱ्या इराणी बेगमनं तिला काळी, गुलामाची पोर म्हणून हिणवलं. मुलीनं बापाला कळवलं. मग सुलतान आणि बेगम दोघंही विषानं मेली. चारशे वर्षांपूर्वीच्या महालात तेच बोलणं जे आमच्या लग्नाच्या मांडवात झालं. माझी मुलगी हे ऐकून एवढंच म्हणाली, "विष जास्तच झालं."

दुसरा दिवस किल्ल्याचा. चाळीस मुलं, सहा पालक, आणि न बोलावता आलेले दोन म्हातारे. औशाचा किल्ला डोंगरी नाही, भुईकोट आहे. भोवती खंदक, आत दुहेरी तट. १०१४ हिजरीत, म्हणजे १६०५-०६ च्या सुमारास, मलिक अंबरनं औसा घेतलं आणि त्याचं नाव अंबरपूर पडलं, पुढं त्याचं अमरापूर झालं, अशी नोंद आहे. हे सांगितल्यावर एक म्हातारे बाबा, पांढरं धोतर, हातात काठी, एकदम म्हणाले, "अमरापूर आम्ही ऐकलंय. पण ते अमर म्हणून आहे असं वाटायचं." मला वाटतं त्या तीन दिवसांत याहून मोठा शोध लागला नाही. नावाच्या पोटात एक हबशी बसला होता आणि कुणाच्या लक्षात आला नव्हता.

उदगीरचं तर त्याहून सरळ आहे. सगळ्यांना उदगीर माहीत असतं ते १७६० च्या लढाईमुळं, सदाशिवरावभाऊंच्या विजयामुळं. पण त्याच्या सव्वाशे वर्षं आधी, १६३६ मध्ये, शाहजहानच्या फौजेनं वेढा घातला तेव्हा उदगीरचा किल्लेदार होता सिद्दी मिफताह. किल्ला द्यावा लागला, पण मोगलांनी त्याला नोकरीत घेतलं आणि किताब दिला, हबशखान. मुलांना आम्ही विचारलं, हबश हा शब्द शिवी असता तर किताबात ठेवला असता का? यावर मुलांपेक्षा पालक जास्त विचारात पडले.

एका वडिलांनी तिथंच विचारलं, आणि चांगल्या मनानं विचारलं, "पण मॅडम, काही म्हटलं तरी तो बाहेरचाच ना?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मुसलमान बाईला किल्ल्यात उभं राहून हा प्रश्न विचारला की तो फक्त मलिक अंबरबद्दल नसतो, विचारणाऱ्याला ते माहीत नसलं तरी. मी उत्तर द्यायच्या आधी धोतरवाले बाबा बोलले. त्यांची शेती होती, जमिनीतून बोलले. म्हणाले, आमचे आजोबा मलिकंबरी म्हणायचे. धारा कसा बसवायचा, जमीन कसदार का हलकी ते बघून, पीक बघून. तो बाहेरचा असता तर त्याला आमच्या काळ्या जमिनीचं आणि मुरमाडाचं काय घेणं होतं? वडील हसले, म्हणाले, बरोबर आहे. वाद मिटला असं नाही, पण त्या दिवसापुरता बसला. मला मात्र बाबांच्या उत्तरात थोडी अडचण वाटते. माणसानं शेतसारा नीट बसवला म्हणून तो आपला, आणि नसता बसवला तर? खडकीला त्यानं जमिनीखालून नहर आणली, नहरे अंबरी, लोक तिचं पाणी पीत राहिले. हे सगळं खरं आहे आणि मोठं आहे. पण कामाची पावती दाखवल्याशिवाय आपलं म्हणायचं नाही ही अट काही जणांनाच का, हे मी किल्ल्यात बोलले नाही. चाळीस मुलांना उन्हात उभं करून ते बोलण्यासारखं नव्हतं. इथं लिहिते.

दुसऱ्या म्हाताऱ्यांची हरकत उलटी होती. ते आमच्यातलेच, दाढीवाले, नमाजी. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटी, गुलाम गुलाम बार बार मत बोलो. बच्चों पे क्या असर पडेगा? सिपहसालार बोलो, वजीर बोलो." मी म्हटलं, चाचा, हजरत बिलालना पण गुलाम होते असंच सांगतो ना आपण? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वो बात अलग है." का अलग आहे ते त्यांनी सांगितलं नाही, पण तिसऱ्या दिवशीही आले आणि पहिल्या रांगेत बसले.

एका मुलानं विचारलं की हबशी आणि हापशी एकच का. आमच्याकडं पाण्याच्या हातपंपाला हापसा, हापशी म्हणतात. नाही रे बाबा, काही संबंध नाही. पण त्या दिवसापासून ती पोरं नळाजवळच्या हापशाला मलिक अंबर म्हणतात असं मैत्रीण सांगते. पाण्याचा माणूस होता, चालेल.

तिसरा दिवस तेरचा होता, आणि तो खास माझ्या हट्टापायी. कारण आफ्रिका म्हणजे फक्त इकडं आलेले गुलाम आणि सरदार एवढंच मुलांच्या डोक्यात राहू नये. शाळेच्या पुस्तकातली आफ्रिका अजून जंगल आणि सिंह आहे. इजिप्त वेगळ्या धड्यात असतं, जणू ते आफ्रिकेत नाहीच. आमच्या पिढीनं तर आफ्रिकेची प्राचीन वस्तू एकच पाहिली, हैदराबादची ममी. नांदेडहून शाळेची सहल जायची, चारमिनार, सालारजंग, आणि बागे आममधलं म्युझियम. सातव्या निजामानं १९३० मध्ये दिलेली ती ममी, राजकन्या नैशू असं तिचं नाव सांगतात. आमच्या बाई, बुरख्यातल्या, काचेसमोर उभ्या राहून कानाला हात लावायच्या, "तौबा, फिरऔन के खानदान की!" आम्हीही तौबा करायचो आणि पुढं सालारजंगचं घड्याळ बघायला धावायचो. ती एक मुलगी होती, कुणाची तरी, नाईलच्या काठची, आफ्रिकेतली, हे कुणी म्हटलंच नाही. २०२३ च्या डिसेंबरात मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात इजिप्त, असिरिया, ग्रीस, रोमच्या मूर्ती आपल्या मूर्तींशेजारी मांडल्या होत्या. शेजारी मांडणं हाच तिथला मोठा विचार होता. तसं शेजारी मांडायला आमच्याकडं तेर आहे.

ढोकीवरून आत गेलं की तेर. गोरोबाकाकांचं गाव. तिथं रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. लामतुरे यांनी गावात, शेतात निघालेल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. मणी, मातीच्या मूर्ती, आणि ती हस्तिदंताची बाई, जिच्यासारखी एक थेट इटलीत पाँपेईच्या राखेखाली १९३८ मध्ये सापडली. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाचं एक पुस्तक लिहिलं, 'पेरिप्लस'. त्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर आहे, तिथून साधं कापड, मलमल आणि मोलोखिना नावाचं कापड गाड्यांत भरून भडोचला येतं, असं लिहिलं आहे. आणि त्याच पुस्तकात आधी, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या अदुलिस बंदराच्या नोंदीत, जे आज इरिट्रियात आहे, हिंदुस्थानातून उतरणाऱ्या मालात तेच नाव आहे, मोलोखिना.

अदुलिस म्हणजे अक्सूमचं बंदर. अक्सूम म्हणजे नजाशीचं राज्य. ज्या हबशात आमच्या पहिल्या मुहाजिरांना आसरा मिळाला त्याच किनाऱ्यावर त्याआधी पाचशे वर्षं असलं कापड उतरत होतं. ते तगरचंच होतं असं मी म्हणत नाही, सिद्ध करता येणार नाही. पण दोन्ही नोंदी एका पुस्तकात आहेत, एका माणसाच्या हातच्या. इथिओपियात देब्रे दामोच्या मठात १९४० मध्ये कुषाणांची शंभराहून जास्त सोन्याची नाणी निघाली. इजिप्तच्या बेरेनिके बंदरात हिंदुस्थानी रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली, सागवान मिळालं, अलीकडं २०२२ मध्ये बुद्धाची मूर्ती मिळाली. माल जात होता, माणसं जात होती, येत होती. साखळदंड नंतर आला.

माझं सासर मोमीन. आजेसासऱ्यांपर्यंत घरात माग होते, खड्ड्याची जागा अजून मागच्या खोलीत दिसते, आता तिथं गॅसची टाकी असते. संग्रहालयाच्या मातीच्या मूर्तींसमोर मी हे पेरिप्लसचं सांगत होते तर माझी सासू, जी फक्त सोबत म्हणून आली होती, मध्येच म्हणाली, "हमारा कपडा हबशा को जाता था?" मी म्हटलं, इकडचं जात होतं. ती म्हणाली, "मतलब नजाशी के लोगां पहनते थे." मी वर्षांचा हिशेब सांगायला लागले, पण तिनं ऐकलं नाही. परत येताना गाडीत तिनं नातीला मांडीवर ओढून घेतलं आणि मुरूड येईपर्यंत तिच्या वेणीचा पीळ सोडत, घालत बसली. 'हबशन' हा शब्द तिनं त्यानंतर वापरलेला मी ऐकला नाही. त्या लग्नातल्या बाई अजून वापरतात.

किल्ल्याच्या दारात एक फलक लावावा म्हणून आम्ही अर्ज दिला आहे. ज्या कार्यालयात दिला तिथून अजून उत्तर नाही, आवक क्रमांक आहे. फलकावर काय लिहायचं यावर मात्र चार बैठका झाल्या, चहासकट. नमाजी चाचांना 'वजीर मलिक अंबर' हवं होतं. धोतरवाल्या बाबांना जमिनीचं आणि धाऱ्याचं वर हवं होतं. मैत्रिणीला वर्षं बरोबर हवी होती. माझ्या मुलीनं सांगितलं की सगळ्यात वर 'चापू' लिहा, आईनं ठेवलेलं नाव तेच होतं. कार्यालयातले एक साहेब तोंडी म्हणाले होते, चापू कुणाला कळणार? मुलीनं त्यांना विचारलं, मलिक अंबर तरी कुणाला कळतं?

सध्या मजकूर असा आहे: चापू, जन्म हरार, हबशा. मग एक ओळ सोडून, मलिक अंबर, आणि बाकीचं. त्याचा एक छोटा फ्लेक्स छापून वाचनालयाच्या जिन्यात लावला आहे. फ्लेक्सवाल्यानं पैसे घेतले नाहीत. खाली कोपऱ्यात, न विचारता, बारीक अक्षरात त्यानं 'शुभेच्छुक' लिहून पुढं जागा मोकळी सोडली आहे.